चार बोटांची फट

सलोमाने सोललेले बटाटे पाण्यात टाकले आणि लविनाने, कुणी सांगितलं नसताना, ते मोजले. मनातल्या मनातच, पण मोजताना तिचे ओठ हलायचे.

"तीस," लविना म्हणाली. "आणि जेवायला माणसं सहा. कोठार उभारायला गडी बोलावलेत का?"

"उरलं तर उद्या खाऊ," सलोमा म्हणाली.

लविना ही सलोमाच्या थोरल्या भावाची, मॅनीची बायको. मॅनीचं पूर्ण नाव इमॅन्युएल श्लाबाख, पण ते थडग्यावर लिहिण्यासाठी राखून ठेवलेलं होतं. मॅनी त्यांच्या ख्रिस्ती मंडळीचा डीकन, म्हणजे नियम राखणारा सेवक. डीकनच्या बायकोला मंडळीत कुठलंच पद नसतं, त्यामुळे तिच्या कामाला मर्यादाही नसते. ईस्टरनंतरच्या सोमवारी सगळी होम्स काउंटी, सगळा जिल्हाच, बग्ग्या जुंपून एकमेकांकडे जेवायला निघते. जेवण बाराला असतं. लविना सकाळी आठलाच चालत येऊन हजर झाली होती, मदतीला, आणि येताना मश्रूम सूपचे दोन डबे घेऊन आली होती. तिच्या मते बटाट्याच्या थरांवर डब्यातलं सूप ओतलं की काम झालं. दूध आटवत बसायचे दिवस गेले. या मंडळीत मोटार पाप आहे, तारेवरची वीज पाप आहे, कोटाला बटण लावणं पाप आहे. डब्यातल्या सूपबद्दल बिशपांनी अजून काही ठरवलेलं नाही.

सलोमाने डबे फळीवर ठेवले, अगदी मागे.

आजचं जेवण तिने नाताळातच ठरवलं होतं. नाताळला नेहमीप्रमाणे धाकटी बहीण ऑर्फा आली होती आणि नेहमीप्रमाणे खिडकीतल्या शिवणयंत्राशेजारी, छोट्या टेबलावर, एकटी जेवली होती. ऑर्फा वाळीत होती. एकोणिसाव्या वर्षी तिने गुडघे टेकून बाप्तिस्मा घेतला, मंडळीला जन्माचा शब्द दिला, आणि सत्ताविसाव्या वर्षी डेल नावाच्या माणसाशी लग्न करून मोटार चालवणाऱ्या मंडळीत निघून गेली. शब्द मोडणाऱ्याबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही आणि त्याच्या हातून काही घ्यायचं नाही, असा नियम. ओढ्यापलीकडची मंडळी अशांना चार-दोन वर्षांत मोकळं करते. अलीकडची करत नाही, आणि सलोमाचं घर ओढ्याच्या अलीकडे होतं. डेलने मात्र या मंडळीला कधी शब्दच दिला नव्हता, त्यामुळे तो मोडण्याचा प्रश्न नव्हता. तो दरवर्षी मोठ्या टेबलावर बसायचा, सगळ्यांच्या तब्येती विचारायचा आणि दोनदा वाढून घ्यायचा. बायको खिडकीत.

एकोणीस वर्षं हे सुरळीत चाललं. या नाताळात आई जेवता जेवता थांबली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईला आता माणसं आवाजावरूनच कळत. ऑर्फाचा आवाज एवढ्या लांबून का येतोय, असं तिने विचारलं. कारण तिला पक्कं ठाऊक होतं, तरी विचारलं. मग तिने चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, माझं एक लेकरू एकटं जेवतं, तर मीही एकटी जेवीन. त्या दिवसापासून ती अंगणापलीकडच्या आपल्या दोन खोल्यांत एकटी जेवू लागली. सलोमा ताट नेऊन ठेवायची आणि अर्धं परत आणायची. तीन महिन्यांत आईच्या मनगटातली हाडं मोजता येऊ लागली.

म्हणून आज आई आणि ऑर्फा, दोघींना एका भांड्यातलं खायला घालायचं. बस. सलोमाला याहून मोठं काही नको होतं, आणि याहून लहान काही चालणार नव्हतं. अडचण एवढीच की दोन आठवड्यांनी मंडळीची नियमांची बैठक होती आणि तिच्या पाठोपाठ प्रभूभोजनाचा विधी. बैठकीआधी कुणी नियम मोडल्याचं डीकनच्या कानावर गेलं, तर त्या माणसाला सगळ्यांपुढे गुडघे टेकून कबुली द्यावी लागते. आज डीकनच्या कानावर काही जायची गरज नव्हती. डीकन स्वतः जेवायला येणार होता.

चुलीत सलोमाने ओकचं फाटं सारलं आणि चार बरण्या उघडल्या. जानेवारीत कापलेल्या गोऱ्ह्याचा खिमा होता, वर पांढरी चरबी थिजलेली. आधी कांदा, लोण्यात, पुरता तांबूस होईपर्यंत. मग खिमा, मीठ आणि हात आखडता न घेता मिरपूड. लविना तिकडे चकत्या करत होती. तिच्या चकत्यांचं कौतुक करायलाच हवं, कागदासारख्या पातळ असतात. तिच्या हाताखालून बटाटा काय आणि माणूस काय, तसाच निघतो.

"भांडी कुठली घेतेस?" तिने विचारलं. "ती दोन निळी घे. एक आपलं, एक छोटं तिचं. दरवर्षीसारखं."

"यंदा एकच."

सुरी थांबली. मग लविना बोलू लागली आणि बराच वेळ बोलली. तिचं स्वतःचं काही म्हणणं नव्हतं. लविनाचं स्वतःचं कधीच काही म्हणणं नसतं. पण मॅनीला किती जड जाईल. बहीण म्हणून त्याने डोळेझाक केली, तर लोक म्हणणार, डीकनच्या घरचा नियम निराळा. नाही केली, तर म्हणणार, सख्ख्या बहिणीला सोडलं नाही. आणि सूप घातलं असतंस तर आत्तापर्यंत ओव्हनमध्ये गेलं असतं.

सलोमा लोण्यात पीठ परतत होती. पीठ करपू द्यायचं नसेल तर त्या वेळी कुणाचंही ऐकायचं नसतं. तिने दूध थोडं थोडं घातलं, गुठळी होऊ दिली नाही, आणि रस डावावरून जाडसर पडायला लागल्यावरच तोंड उघडलं.

"ऑर्फा बाराला पाच कमी असताना येईल. तेवढ्यात गाजरं किसून होतील ना तुझी?"

मग ती तळघरातून आईचं बिडाचं भांडं घेऊन आली. लांबट चौकोनी, दीड हात लांब, रिकामं असतानाही दोघांनी उचलावं असं. सलोमाने ते एकटीने आणलं. या भांड्याला चार कोपरे होते आणि ते वडिलांनी हयात असताना वाटून दिलेले होते: एक त्यांचा स्वतःचा, एक मॅनीचा, एक सलोमाचा, एक ऑर्फाचा. कोपऱ्यात बटाटा भांड्याला धरतो, कडा खरपूस होतात, वरचा पावाचा चुरा कुरकुरतो. आईला मधलं, मऊ, जे आयांना मिळतं ते. ऑर्फा आपला कोपरा सगळ्यात शेवटी खायची, पुरवून ठेवायची, आणि म्हणूनच मॅनीला तो चोरता यायचा. मॅनीचा हात लांब होता. आई मान वर न करता त्याच्या बोटांवर चमच्याचा दांडा मारायची. नेम चुकल्याचं सलोमाला आठवत नव्हतं.

बटाटे, खिमा, रस, गाजराचा कीस, शेजारच्या चीजघरातलं चीज, पुन्हा बटाटे. तीन थर बसले. वर लोण्यात परतलेला पावाचा चुरा, आणि कोपऱ्यांत तो थोडा दाबून. लविना बघत होती.

"कोपरे कशाला दाबतेस?"

"लागतात चांगले."

ओव्हनचं दार लावून सलोमा मागच्या पडवीत गेली. तिचा नवरा ॲटली तिथे एका टेबलाचा पाय तासत होता. ॲटली टेबलं करून विकायचा. दिवसाला दहा-बारा वाक्यं बोलायचा आणि त्यातली निम्मी मापं असायची.

"अर्धं सूत उंच होतं," तो म्हणाला.

"आता?"

"आता मोठ्या टेबलाच्या बरोबर." त्याने पायावरून अंगठा फिरवला. "दोन्हींत फट किती ठेवू?"

"चार बोटं. वरून एकच चादर."

ॲटलीने रंधा खाली ठेवला. तुला सगळ्यांपुढे गुडघे टेकावे लागतील, असं तो म्हणाला. विचारलं नाही, नुसतं सांगितलं, माप सांगावं तसं.

"टेकीन. गुडघे बरे आहेत माझे."

त्याने टेबल हलवून पाहिलं. मग म्हणाला, मोठं टेबल ओकचं आहे आणि हे मेपलचं, म्हणजे कुणी विचारलं तर दोन टेबलं वेगळी आहेत हे सिद्ध करता येईल. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. ॲटली आपल्या बाजूला आहे की नाही, हे सलोमाला त्याच्या बोलण्यावरून कधी कळलं नव्हतं, लाकडावरून कळायचं.

मॅनी साडेअकराला आला. टोपी खुंटीला लावली, चुलीचा वास घेतला, आणि सरळ चादर उचलून खाली बघितलं. लविनाने त्याला अंगणात गाठलं होतं, हे उघड होतं. त्याने फटीत आपला पंजा आडवा घातला. चार बोटं बरोबर बसली.

"पूर्वी खोलीभर होती," तो म्हणाला.

"नियमात किती सांगितलीय?" सलोमाने विचारलं.

"नियमात वेगळं टेबल सांगितलंय."

"मग हे वेगळं आहे. लाकूडसुद्धा वेगळं आहे, ॲटलीला विचार."

"मेपल," ॲटली म्हणाला.

मॅनीने चादर सोडली, नीट केली, कडेची सुरकुती हाताने काढली. तो वाईट माणूस नव्हता. डीकन कुणी स्वतःहून होत नाही. गीतांची पुस्तकं ओळीने मांडतात, एकात चिठ्ठी असते, आणि ज्याच्या पुस्तकात ती निघते त्याचं उरलेलं आयुष्य ठरतं. मॅनीच्या पुस्तकात ती निघाली त्या वर्षी तो अडतीस वर्षांचा होता. चुकलेल्याच्या घरी जाऊन त्याला मंडळीचा निरोप सांगायचा, हे डीकनचं काम, आणि पाचच महिन्यांनी त्याला पहिला निरोप न्यावा लागला तो ऑर्फाला. दोनदा गेला. दोन्ही वेळा तिने त्याला कॉफी विचारली. दुसऱ्या वेळी परत येताना तो घोड्याशी बोलत होता, असं शेजाऱ्याने सांगितलं होतं. काय बोलत होता ते ऐकू आलं नव्हतं.

"चार बोटं ठीक आहेत," तो शेवटी म्हणाला. "पण चार म्हणजे चार."

लविनाने गाजराचं भांडं जरा जोरात विसळलं.

ऑर्फा बाराला पाच कमी असतानाच आली. डेलने तिला फाटकाशी सोडलं आणि तो कुठल्याशा लिलावात नांगर बघायला गेला. ती दारात उभी राहिली, हातात रुबार्बच्या आंबट देठांची भाजलेली पाई. दारात उभ्या असलेल्या पाहुण्याच्या हातातलं काही घ्यायला माणसाचे हात आपोआप पुढे होतात. सलोमाचे झाले आणि अर्ध्यावर थांबले. ऑर्फाने ते न बघितल्यासारखं करून पाई दारालगतच्या बाकावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकली. मग लविनाने ती बाकावरून उचलली. एकोणीस वर्षांत सगळ्यांना याचं इतकं वळण पडलं होतं की बघणाऱ्याला हा काही शिष्टाचार वाटला असता.

ऑर्फाची नजर खिडकीकडे गेली. शिवणयंत्राशेजारी काही नव्हतं. मग तिला चादर दिसली, आणि चादरीत मध्यावर पडलेली बारीक खोलगट रेघ.

"माझी जागा?"

"रेघेच्या पलीकडे," सलोमा म्हणाली. "पहिली खुर्ची."

आता आई. सलोमा अंगण ओलांडून गेली, तर आई पांढरी टोपी बांधून, हात मांडीवर ठेवून, पलंगाच्या कडेला बसलेली. येणार म्हणून तयार की येणार नाही म्हणून, हे सांगता येत नव्हतं.

"ती कुठे बसलीय?"

"तू ये आणि हाताने बघ."

"मी विचारलं ते सांग."

"टेबलं दोन आहेत, आई. त्याला माझा इलाज नाही. पण भांडं एक आहे."

नुसतं भांडं म्हटल्यावर कुठलं, हे आईला विचारावं लागलं नाही.

"ते तू एकटीने वर आणलंस?" तिने विचारलं. सलोमा हो म्हणाली. पाठ धरेल तुझी, असं म्हणून आईने काठी मागितली.

घरात येऊन तिने टेबलाची कड चाचपली, चादरीवरून हात सरकवत नेला, आणि रेघ लागल्यावर बोटांनी दाबून बघितली. तिच्या बोटाखाली चादर आत गेली. सगळे बघत होते.

"फट आहे," आई म्हणाली.

"आहे," मॅनी म्हणाला.

"ऑर्फा, तू आहेस का ग?"

"इथेच आहे, आई." आवाज हातभर अंतरावरून आला. आईने मान हलवली आणि फटीलगतच्या खुर्चीत बसली. तिच्या शेजारी सलोमा, समोर मॅनी आणि लविना, टोकाला ॲटली. पलीकडे ऑर्फा एकटी.

सलोमा आणि ॲटलीने दोन बाजूंना फडकी धरून भांडं ओव्हनमधून काढलं. चुरा सोनेरी झाला होता, कडांना रस बुडबुडत होता, कोपरे काळपट तांबूस. लविनाने मोठ्या टेबलाच्या मधोमध लाकडी पाट मांडून ठेवला होता. सलोमाने तो कोपराने बाजूला सारला. मग दोघांनी भांडं फटीवर आडवं ठेवलं: अर्धं ओकवर, अर्धं मेपलवर. दोन कोपरे इकडे, दोन तिकडे. ते हललंसुद्धा नाही. अर्धं सूत तासलं होतं ते यासाठी. सलोमाने दोन डाव आणले, एक या बाजूला खोवला, एक त्या बाजूला.

"मॅनी," लविना म्हणाली. एवढंच.

"कुणी कुणाच्या हातून काही घ्यायचं नाही," सलोमा म्हणाली. "ज्याने त्याने आपल्या बाजूचं वाढून घ्यायचं. टेबलाचा नियम आहे, तो पाळलाय. भांड्याचा नियम मला माहीत नाही. असेल तर सांग."

मॅनीने तोंड उघडलं. आणि ॲटलीने मान खाली घातली.

घरधन्याने मान खाली घातली की जेवणाआधीची प्रार्थना सुरू होते, आणि ती मुक्याने करायची असते. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मॅनीचं तोंड मिटलं, त्याचीही गेली. एरवी ॲटली प्रभूच्या प्रार्थनेपुरताच वेळ घेतो. आज त्याने बहुधा सगळ्या पिकांसाठी, गुरांसाठी आणि काउंटीतल्या प्रत्येक विहिरीसाठी प्रार्थना केली. भांड्याची वाफ सगळ्यांच्या चेहऱ्यावर येत होती. शेवटी तो खाकरला. माना वर झाल्या. तोवर भांड्यावर प्रार्थना झालेली होती, आणि प्रार्थना झालेलं भांडं टेबलावरून उचलायचं कसं, हे नियमात कुठेही नव्हतं.

मॅनीने ॲटलीकडे पाहिलं. ॲटली पाव कापत होता.

"कोपरा माझा तोच ना?" मॅनीने विचारलं, आणि डाव घेतला.

सलोमाने आईला मधलं, मऊ वाढलं. आईने पहिला घास तोंडात धरून ठेवला, मग गिळला. मग दुसरा. सलोमाने तिसऱ्यानंतर मोजणं सोडलं. लविनाने सांगितलं की सूप घातलं असतं तर रस जरा अजून दाट आला असता, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. ऑर्फा कडेकडेने खात होती, बापाच्या रिकाम्या कोपऱ्याकडून आपल्या कोपऱ्याकडे, सावकाश. आपला कोपरा तिने तसाच ठेवला होता. सेहेचाळीस वर्षांची झाली होती, दोन मोठी मुलं होती, तरी तसाच.

मॅनीचं ताट संपलं होतं. तो त्या कोपऱ्याकडे बघत होता. सलोमाला वाटलं, मनात फटीचं माप घेत असेल, डीकन आहे. मग त्याचा चमचा उचलला गेला, स्वतःचा, जेवायचा, आणि त्याचा लांब हात टेबलावरून, रेघेवरून, पलीकडे गेला. बिडाच्या भांड्यावर चमचा खरवडल्याचा आवाज झाला.

"ऑर्फाचा कोपरा कोण खातंय?" आई म्हणाली.

लविनाचे ओठ हलू लागले. यावेळी ती काय मोजत होती कोण जाणे. मॅनीच्या तोंडात घास होता. त्याला तो थुंकता आला असता, किंवा मन दुसरीकडे होतं, असं म्हणता आलं असतं, आणि टेबलावरच्या सगळ्यांनी ते मानलं असतं. त्याने घास चावला, गिळला.

"मी," तो म्हणाला.

आईने चमचा उलटा धरला आणि आवाजाच्या दिशेने दांडा हाणला. तो भांड्याच्या कडेवर बसला, टणकन. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा नेम चुकला. मॅनीचा हात तिथेच होता. त्याने तो काढून घेतला नाही. जरा पुढे सरकवला, आईच्या बोटांना लागेल असा. आईने चाचपून बघितला आणि मग मारला.

"अर्धा ठेव म्हणावं त्याला," ऑर्फा म्हणाली.

"मॅनी," लविना हळूच म्हणाली, "बैठक पुढच्या पुढच्या रविवारी आहे."

"माहीत आहे."

"आता हे कुणी सांगायचं?"

मॅनीने पाव घेतला आणि ताटातला रस पुसला. चुकलेल्याच्या घरी जाऊन त्याला निरोप द्यायचा, हे डीकनचं काम. या खेपेला घोडा जुंपावा लागणार नव्हता.

"वाढ अजून," आई सलोमाला म्हणाली.